छपरातला भाताचा वास

एका राज्यात राजवाड्यालाही कौलंच होती. सोन्याचा कळस नव्हता, तांब्याचा पत्रा नव्हता. मूळपुरुषाने नेम घालून दिला होता की जी माती रयतेच्या डोक्यावर, तीच राजाच्या डोक्यावर असावी. त्यामुळे पाऊस लागला की राजवाडाही गळे. दर वैशाखात शाकारणी करणारे जसे घरोघर चढत, तसे राजवाड्यावरही चढत. फुटकी कौलं काढत, धड परतून लावत, वाशांवरची जाळी झाडत आणि संध्याकाळी उतरले की राजाच्या हातून गूळपाणी घेत.

त्या राज्याचा राजा धरणीधर आणि राणी मालवंती. दोघांना मूलबाळ नव्हतं. राजाला दास होते, दासी होत्या, मुदपाकखान्यात चाळीस माणसं होती. तरी संध्याकाळचा आंबेमोहोर राणी स्वतः रांधी आणि स्वतः वाढी. वीस वर्षं त्या वासाने राजाला दिवस मावळल्याचं कळे.

मग राणी आजारी पडली. वैद्य आले, वैद्य गेले. वैशाख लागला तेव्हा शाकारणीची टोळी दारात उभी राहिली. राजाने त्यांना अंगणातूनच परत पाठवलं. "यंदा छपरावर पाऊल नको. राणीला झोप लागू दे," तो म्हणाला. टोळी निघून गेली.

पण छपरावरची पावलं थांबली नाहीत. राणीच्या पलंगाच्या नेमकं वर, कौलांखाली, दिवेलागणीला खुडबुड होई. काहीतरी सरपटे, काहीतरी चिवचिवे. राणी डोळे उघडून वर पाहत राही. एक दिवस तिची वाचा गेली. त्याच संध्याकाळी वर खुडबुड झाली तेव्हा तिने मोठ्या कष्टाने हात उचलला, बोट छताकडे केलं आणि राजाकडे पाहिलं.

राजाला वाटलं, आवाजाचा त्रास होतो आहे.

त्याने भस्माळ मांत्रिकाला बोलावलं. भस्माळ अंगणात आसन घालून बसला. दिवे लागले तसं कौलाच्या फटीतून एक काळपट, लांब शेपटीचं जनावर बाहेर आलं, भिंतीवरून फणसावर गेलं आणि फणसावरून दिसेनासं झालं. "जनावर बाहेर पडलं, महाराज," भस्माळ म्हणाला, आणि त्याने छपरात मंत्राचे तीन खिळे ठोकले: एक पन्हळीशी, एक मधल्या वाशात, एक आढ्यावर. छप्पर मुकं झालं. तिसऱ्या दिवशी राणी गेली.

ज्या संध्याकाळी खिळे बसले, त्याच संध्याकाळपासून राज्यात भात शिजेना. चुलीत जाळ होता, भांड्यात आधण उसळत होतं, तांदूळ मात्र खड्यासारखा कोरडा राही. राजाच्या घरी तसंच, कोळ्याच्या घरी तसंच. राणीच्या दहाव्याला भाताचा पिंड बांधता येईना, म्हणून कणकेचा केला.

पिंडाला कावळा शिवेना. समोरच्या दगडावर बसून नुसता पाहत राहिला. राजा हात जोडून म्हणाला, "मी दुसरं लग्न करणार नाही." कावळा हलला नाही. "तुझ्या नावाने तळं बांधीन." कावळ्याने पंख साफ केला. "तुझ्या माहेरच्यांना अंतर देणार नाही." कावळा उडून गेला. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि माणसं खाली मान घालून घरी आली.

त्या दिवशी दिवेलागणीला राणीच्या दालनात छतातून शिजल्या आंबेमोहोराचा वास आला.

सगळ्या राज्यात कुठेही भात शिजत नव्हता आणि इथे वर, कौलांखाली, तो वास होता: गरम, ओलसर, नुकतं झाकण काढल्यासारखा. राजा पलंगाच्या कडेवर बसला आणि उठला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. मग राजा दुपार कलली की दरबारातून उठू लागला. नंतर दरबारात जाईनासाच झाला. जे वाढलं ते गिळायचं, दिवेलागणीला दालनात जाऊन वर पाहत बसायचं, हाच त्याचा दिवस झाला. तो कोणाशी काही बोलला नाही, पण सगळ्यांना कळलं. हा वास कशाचा आहे हेही निम्म्या राजवाड्याला ठाऊक होतं. दासींना ठाऊक होतं, पहारेकऱ्यांना ठाऊक होतं, प्रधानाच्या तर आजोळी माळ्यावर असाच वास येई. सांगणार कोण?

असं वर्ष सरत आलं. वर्षश्राद्ध चार दिवसांवर आलं. उपाध्याय म्हणाले, "महाराज, वर्षाच्या पिंडालाही कावळा शिवला नाही, तर राणीसाहेब ना इकडच्या ना तिकडच्या. कायमच्या मध्ये राहतील."

तिने अडकून राहावं असं राजाला वाटत नव्हतं. तिने जावं असंही वाटत नव्हतं.

त्याच दिवशी शाकारणीच्या टोळीची मुकादम तानक्का आली. तिचा नवरा याच छपरावरून पडून गेला होता. तेव्हापासून टोळी तीच चालवत होती. पदर खोचलेला, पाठीला बाक, आवाज कौलासारखा खणखणीत.

"महाराज, एक पावसाळा छप्पर बिनशाकारणीचं गेलं. दुसरा ते काढणार नाही. आढं खाली येईल."

"यंदाही नको, तानक्का."

"का?"

राजाला वर्षभरात कोणी 'का' म्हणून विचारलं नव्हतं. दिवे लागत होते. वास यायला लागला होता. त्याने नुसतं छताकडे पाहिलं.

तानक्काने मान वर करून दोनदा हुंगलं. "हा वास होय? महाराज, हा उदमांजराचा वास. त्याच्या अंगालाच असा भाताचा वास असतो. आम्ही वाशात हात घालण्याआधी हाच वास घेतो. आला तर ते कौल हलवत नाही."

"उदमांजर गेलं. भस्माळाने बाहेर पडताना पाहिलं."

"केव्हा?"

"दिवेलागणीला."

"दिवेलागणीला आई चरायला जाते, महाराज. पिलं घरात असतात."

राजाचा चेहरा दगडासारखा झाला. "तुला ठाऊक नाही, वर कोण आहे."

तानक्का भ्यायली नाही आणि रागावलीही नाही. दाराला टेकून म्हणाली, "माझा धनी गेला तेव्हा मला वर्षभर कौलांवर त्याची पावलं ऐकू यायची. एक दिवस शिडी लावून चढले. माकडं होती."

"मग?"

"मग काही नाही. माकडं हाकलली आणि खाली येऊन बसले."

ती गेली. राजा बसून राहिला. वास नेहमीसारखाच होता. पण त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्याने वासाच्या मागे कान लावला, आणि कौलांखाली, फार बारीक, चिवचिव ऐकली.

सकाळी तो एकटाच नदीच्या घाटावर गेला. त्याच दगडावर तोच कावळा बसला होता. म्हातारा होता. पंखात एक पांढरं पीस होतं.

"राजा, रिकाम्या हाताने आलास," कावळा म्हणाला.

"भात शिजत नाही."

"मला सांगतोस? वर्षभर भाकरीचे तुकडे खातो आहे. नरडं सोलून निघालं."

"दहाव्याला तू का शिवला नाहीस?"

"तू जे जे बोललास ते तुझं होतं. तिचं एकही नव्हतं."

"तिचं काय होतं?"

"मी शिवणारा पक्षी, सांगणारा नव्हे. जिच्याशी ती बोलली, तिला जाऊन विचार."

"ती कोणाशी बोलणार? तिची वाचा गेली होती."

"माणसांपुरती गेली होती," कावळा म्हणाला. "ओढ्यापलीकडच्या राईत भेरली माड आहे. त्याच्या शेंड्यात ती राहते. जाताना चपला काढून जा. ती पावलं ओळखते."

राजा ओढा ओलांडून राईत गेला. भेरली माडाचा बुंधा पांढराशुभ्र होता, जसा चुन्याने सारवावा. वर शेंड्यात उदमांजरी बसली होती. वर्षभर तिचं दूध आटलं नव्हतं. ते थेंब थेंब बुंध्यावरून गळत होतं आणि वाळत होतं. अंग झडलं होतं, डोळे तेवढे होते.

"ये राजा," ती म्हणाली. "फार दिवस लावलेस."

"मला ठाऊक नव्हतं."

"तेही ठाऊक आहे मला."

"राणी तुझ्याशी बोलत होती?"

"रोज. मी चरायला निघाले की ती खालून म्हणायची, सावकाश जा बाई, तुझी पिलं मी बघते. तीन पिलं होती माझी. डोळे नुकते उघडले होते. ज्या दिवशी तिची वाचा गेली, त्या दिवशी तिला वाटलं, आता मी काही बघू शकणार नाही, दुसऱ्या कोणाला सांगून ठेवावं. म्हणून तिने तुला बोटाने दाखवलं."

राजा बुंध्याशी खाली बसला. बराच वेळ बसला.

"पिलं जिवंत आहेत?" शेवटी त्याने विचारलं.

"तुझ्या मांत्रिकाने फट नाही बांधली, वेळ बांधला. ती वाढत नाहीत, मरत नाहीत. वर्षभर एकाच भुकेत आहेत. मी परत आले तेव्हा भिंतीवर बसून बोलले होते, माझ्या पिलांना दूध मिळेपर्यंत या राज्यात कोणाच्या भांड्यात भात शिजू नये. रागात बोलले. आता ते माझ्याही हातात नाही."

"मी काय करू?"

"तीन कामं कर. तू दुष्टपणाने केलं असतंस तर कामं दिली नसती. दुष्टाला काम देऊन काय उपयोग? पहिलं हे. या माडाची पिकली फळं एक टोपली भरून काढ. घड तोडायचा नाही, कोयता लावायचा नाही. हातांनी."

भेरली माडाचं फळ दिसायला गोजिरं, पण त्याचा रस हाताला लागला की आग होते, आणि खाजवलं की दुप्पट होते. राजाने खाली लोंबणाऱ्या घडातून एक फळ काढलं आणि बोटं पेटली. दहा काढली तेव्हा तळवे सुजले. दुपार उलटेपर्यंत टोपली भरली. हात पुरीसारखे फुगले होते.

"ही माझी रोजची शिदोरी," उदमांजरी म्हणाली. तिने एक फळ तोंडात टाकलं आणि बी थुंकली. "मी चैनीसाठी घर सोडून जात नव्हते, एवढं तुला कळावं म्हणून. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी तिने राजापुढे कोंबडीचं एक अंडं ठेवलं. "हे तोंडात धर. इथून निघून बाजारातून राजवाड्यापर्यंत जा आणि तिथून इथे परत ये. अंडं फुटता कामा नये. मी पिलं अशीच नेते."

राजा अंडं तोंडात धरून निघाला. गाल टम्म फुगले, ओठ मिटेनात. बाजारात शिरला तशी माणसं उठून उभी राहिली. वर्षभरात राजा कोणाला दिसला नव्हता.

"महाराजांना गालगुंड झालंय वाटतं," एक काकणवाली म्हणाली.

"गप गं. तोंडात विडा आहे त्यांच्या."

"एवढा विडा?"

"राजाचा विडा काय तुझ्या नवऱ्याच्या विड्याएवढा असणार?"

कोणीतरी हसलं. मग एक म्हातारा पुढे आला. मुजरा केला. राजा काही बोलेना, म्हणून त्याला धीर आला. "महाराज, माझी बायको अंथरुणाला खिळली आहे. पेज मागते. मी नाचणीची करून देतो. एक घोट घेते आणि म्हणते, ही नव्हे. आता तिला काय सांगू?"

राजाला बोलायचं होतं. जीभ अंड्याखाली दबली होती. त्याने म्हाताऱ्याच्या खांद्यावर सुजलेला हात ठेवला.

मग एक बाई आली. काखेत पोर होतं, कपाळाला तीट लावलेली. "महाराज, हिला अकरावा महिना लागला. उष्टावण झालं नाही. सासूबाई म्हणतात, भाताशिवाय उष्टावण नाही. राज्यात वर्षभरात जन्मलेलं एकही पोर अन्नाला लागलेलं नाही, महाराज. राग धरू नका. तुमचं दुःख आम्हाला दिसतं. पण सांगायचं कोणाला?"

त्यामागून कोळी बोलला, त्यामागून शिंपी, त्यामागून ज्याचं लग्न भाताच्या पंगतीवाचून लांबलं होतं तो. राजा बाजारभर चालला आणि ऐकत गेला. जो तोंड उघडू शकत नाही त्याला सगळे सांगतात. राजवाड्याच्या उंबऱ्याला पाय लावून तो तसाच मागे फिरला आणि येतानाही ऐकत आला.

राईत पोचून त्याने अंडं तळव्यावर काढून दाखवलं. अंडं धड होतं.

"अजून दोनदा जाशील?" उदमांजरीने विचारलं.

"जाईन."

"नको. मला तीन पिलं, म्हणून तीन खेपा. तुला एक पुरे झाली. आता तिसरं काम."

"कोणतं?"

"ते मी सांगणार नाही. तुला ठाऊक आहे." आणि तिने तोंड पानांत घातलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी राजाने भस्माळाला बोलावलं. "खिळे काढ."

भस्माळ पायांकडे पाहू लागला. "महाराज, मला बंद करण्याचा मंत्र येतो. उघडण्याचा गुरूंनी शिकवला नाही."

"तू विचारला नाहीस?"

"बंद केलं की बिदागी मिळते, महाराज. उघड म्हणायला आजवर कोणी परत आलं नाही." मग तो हळू आवाजात म्हणाला, "एवढं ऐकून आहे की ज्याच्या हुकमाने खिळा ठोकला, त्याच्याच हाताला तो निघतो."

राजाने तानक्काला निरोप धाडला. ती शिडी आणि सुंभाचा दोर घेऊन आली. राजाच्या हातांकडे पाहून म्हणाली, "या हातांनी?"

"याच हातांनी."

"तर मग ऐका. पाय कौलावर नाही द्यायचा, कौलाखालच्या वाशावर द्यायचा. खाली बघायचं नाही. आणि दोर मी सोडणार नाही, त्याची काळजी करायची नाही."

राजा आयुष्यात पहिल्यांदा आपल्या छपरावर चढला. वरून त्याला राज्य दिसलं: लाल कौलांमागे लाल कौलं, आणि कित्येक चुलींचा धूर.

पन्हळीशी असलेला पहिला खिळा त्याने धरला. खिळा थंडगार होता. ओढला तसा हातातली आग वाढली आणि खिळा निघाला. मधल्या वाशातला दुसरा त्याहून खोल होता. निघेतो ऊन उतरलं. मग तो आढ्यावर गेला, तिसऱ्या खिळ्यावर हात ठेवला आणि थांबला.

सूर्य कलला होता. कौलांखालून वास यायला लागला. इतक्या जवळून तो त्याने कधी घेतला नव्हता.

"तानक्का."

"जी."

"हे उघडलं की वास जाईल?"

"जाईल."

"सगळा?"

"पिलांचा वास पिलांबरोबर जातो, महाराज. दोन-चार दिवस लाकडात राहील. मग तोही जाईल."

"तो तिचा नव्हता, हे मला कळलं आहे," राजा म्हणाला. "तरी विचारलं."

शिडीच्या टोकावर उभ्या तानक्काने दोराचा हाताला आणखी एक वेढा घेतला. "बसा वाटलं तर थोडा वेळ. मला घाई नाही."

राजा बसला. आढ्याच्या दोन्ही बाजूंना दोन पाय सोडून, लहान पोर घोड्यावर बसतं तसा. वीस वर्षं जो वास घरात होता तो त्याने छातीत भरून घेतला. खालून पुन्हा चिवचिव आली. मग त्याने दोन्ही हातांनी खिळा धरला आणि उपटला.

खिळे तिन्ही माती होऊन गळून पडले. तानक्काने सांगितलं तसं त्याने आढ्याजवळचं एक कौल उचललं. खाली, जुन्या काथ्यात आणि राणीच्या पातळाच्या चिंध्यांत, तीन पिलं एकमेकांना चिकटून पडली होती. करडी, ओली, मुठीएवढी. उजेड आला तशी तिघांनी तोंडं उघडली. राजाचा हात आपोआप पुढे गेला.

"हात नाही लावायचा," तानक्का शिडीवरून म्हणाली. "माणसाचा वास लागला तर आई बिचकते. आपण उचलून द्यायची नसतात. वाट मोकळी करायची आणि बाजूला व्हायचं."

राजाने हात मागे घेतला. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते फार कठीण होतं, खिळ्यापेक्षाही. कौल बाजूला ठेवून तो आढ्यावरून सरकत सरकत लांबच्या टोकाला जाऊन बसला.

दिवे लागले. फणसाची फांदी हलली. उदमांजरी भिंतीवर आली, थबकली, तोंड वर करून हुंगलं, आणि मग वर्षभराची वाट एका उडीत संपवावी तशी छपरावर आली. फटीत गेली. आतून चुटचुट दूध पिण्याचा आवाज आला. त्याच क्षणी गावात एका घरी आधणात टाकलेला तांदूळ फुलला. मग शेजारच्या घरी, मग आळीत, मग ओढ्यापर्यंत. खालून माणसांचा गलबला ऐकू आला.

राजा त्याकडे वळला नाही. तो फटीकडे पाहत होता. उदमांजरी एक पिलू तोंडात धरून बाहेर आली, फणसावरून गेली, परत आली. दुसरं नेलं. परत आली. तिसरं घेऊन निघताना ती आढ्यावर थांबली आणि राजाकडे पाहिलं. बोलली नाही. तोंडात पिलू असताना बोलता येत नाही, हे राजाला आता कोणी सांगायला नको होतं. त्याने मान लववली. ती गेली.

वारा सुटला. राजा आणखी थोडा वेळ बसला. मग म्हणाला, "तानक्का, उतरव मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर भाताचा पिंड मांडला. उपाध्यायांनी पळी उचलली. राजाने काही बोलावं म्हणून हात जोडले, आणि तो काही बोलायच्या आत कावळा शिवला. पोटभर खाल्लं. उडताना राजाच्या डोक्यावरून गेला, पण म्हणाला काही नाही. त्याचं सांगण्याचं काम नव्हतंच.

त्या दिवशी राज्यात दोनशे बारा पोरांचं उष्टावण झालं. म्हाताऱ्याच्या बायकोने पेजेचा घोट घेतला आणि म्हणाली, हीच. राजाने दवंडी पिटवली की कोणत्याही घरावर, कोणाच्याही हुकमाने, आत कोण आहे हे पाहिल्याशिवाय कौल बसवायचं नाही. ज्याच्या छपरात पिलं सापडतील त्याची शाकारणी थांबेल, आणि थांबलेल्या दिवसांची मजुरी राजवाडा देईल. भस्माळाला त्याने हाकललं नाही. उघडण्याचा मंत्र शिकून ये, म्हणून गुरूकडे परत पाठवलं. तानक्काची टोळी छपरावर चढली. दुपारपर्यंत निम्मं छप्पर परतून झालं होतं.

राजवाड्यात पान मांडलं. मुदपाकखान्याचा म्हातारा आचारी लखंभट स्वतः वाढायला आला. वर्षभर त्याने वाढलेलं राजाने निमूट खाल्लं होतं. कच्चं, करपलेलं, आंबलेलं, काहीही. एकदा त्याने मुद्दाम कडू कारल्याची भाजी तशीच पुढे ठेवली होती, राजा काही बोलतो का पाहायला. राजा ती खाऊन उठला होता.

लखंभटाने भाताची मूद पाडली, वरून वरण वाढलं, तुपाची धार सोडली आणि भिंतीशी उभा राहिला. प्रधान दारात थांबले. दासी थांबल्या. भाताला भाताचा वास येत होता. तेवढाच, त्याहून अधिक काही नाही.

राजाने घास कालवला. सुजलेल्या बोटांनी सावकाश कालवला. तोंडात घेतला, चावला, गिळला.

"लखंभट," तो म्हणाला, "वरणात मीठ कमी आहे."

"जी," लखंभट म्हणाला आणि मीठ आणायला आत गेला. बराच वेळ तो बाहेर आला नाही.

राजा पानावर थांबून राहिला.

ही गोष्ट छपराची होती, छपराखाली बसून सांगितली. ज्यांच्या कौलांवर पावलं वाजतात त्यांनी ती ऐकावी, आणि सकाळी एकदा शिडी लावावी.